नराच्या फेऱ्या

२८ मार्च

ही डायरी डेपोनं निवृत्तीच्या वेळी दिली होती. तीन वर्षं ट्रंकेत कोरी पडून होती, कारण घरी बसलेल्या कंडक्टरनं लिहायचं तरी काय? छापलेल्या तारखा खोडून आजपासून लिहायला घेतो.

निमित्त महामाया मॅडम. त्या अहमदपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. परवा मठामागच्या ओढ्यावर दुर्बीण लावून वर बघत उभ्या होत्या. मी विचारलं, काही हरवलंय का. त्यांनी जुन्या शिरसाच्या खोडातली ढोली दाखवली. तिथं घारीएवढी दोन राखी पाखरं होती, चोचीवर शिंग असलेली. पुस्तकात धनेश, आमच्याकडं शिंगचोच्या. मादी ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपलं जातं आणि ती दोन-सव्वादोन महिने बाहेर येत नाही. अंडी, पिल्लं, सगळं आत. बोटभर चीर राहते, तीतून नर तिला भरवतो. मॅडमना नराच्या रोजच्या फेऱ्या मोजणारा माणूस हवा होता. म्हणाल्या, “काका, तुम्ही चौतीस वर्षं फेऱ्याच केल्या, तुम्हाला मी काय शिकवणार?” छापील तक्ता दिला. अट एकच, ढोलीची जागा कुणाला सांगायची नाही.

आज सकाळी मादी आत गेली. नर ओळखायला सोपा आहे. त्याच्या शिंगाला डाव्या बाजूला खाच आहे, तिकिटाला पंच मारल्यासारखी.

घरी महादेवी आली आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. दिवस भरत आलेत. जावई पुण्याला कंपनीत आहे, सुट्टी मिळेल तसा येईल.

३१ मार्च

लिंपण पूर्ण. आता फक्त उभी चीर दिसते.

मला वाटलं होतं नर तिला कोंडतो. मला तर त्याचा रागच आला होता. मॅडमना फोन केला तर त्या हसल्या. भिंत ती स्वतः घालते, आतून, आपल्याच विष्ठेनं. आत तिची उडायची पिसं झडतात, म्हणून भिंत हीच तिची राखण. फेऱ्या चौदा.

४ एप्रिल

परवा चाकूरच्या दवाखान्यात महादेवी मोकळी झाली. मुलगी. नाकावर आमच्या घराण्याचा शिक्का आहे. बाळबाळंतीण ठीक. दोन दिवस दवाखान्यात गेले, त्यामुळे तक्त्यात रेघ मारावी लागली. माझ्या नोकरीत अशी रेघ कधी पडली नव्हती.

१० एप्रिल

महादेवीची खोली तयार झाली. शरणम्मा, म्हणजे आमची घरधनीण, या बाबतीत फार कडक आहे. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, कान बांधायचे, शेगडी पेटती ठेवायची, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या. बसम्मा रोज तेलपाण्याला येते. ती म्हातारी आहे, महादेवीलाही तिनंच न्हाऊ घातलं होतं.

दुपारी आतून महादेवी म्हणाली, खिडकी उघडा. शरणम्मा म्हणाली, वारं लागंल. महादेवी पुन्हा तेच म्हणाली. मग गप्प बसली. बायकांच्या कामात मी पडत नाही. झाडाकडं गेलो.

फेऱ्या सोळा. मॅडमच्या हिशेबानं आत अंडी असणार.

१८ एप्रिल

आज एक चूक केली, लिहून ठेवतो. स्टँडवरच्या हॉटेलात बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, कंडक्टर, रिटायर होऊन झाडाखाली झोपा काढता म्हणे. मला राहवलं नाही. झाड, ढोली, चीर, सगळं सांगून टाकलं. माणसं चहा विसरून ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

वाडीचा नरसिंग तिथंच होता. त्याच्या शेळ्या ओढ्याला चरतात. तो म्हणाला, “त्याचं तेल वाताला लई गुणाचं, म्हणायची आमची म्हातारी.” मी त्याला सगळ्यांसमोर दटावलं. तो म्हणाला, म्हातारी म्हणायची, मी कुठं म्हणलो? पण त्याची नजर मला आवडली नाही.

२४ एप्रिल

महादेवी उठत नाही. म्हणते, पायात जीव नाही. बाळ रडलं तरी भिंतीकडं तोंड करून पडून राहते. शरणम्मा पाजायला लावते तेव्हा पाजते. सव्वा महिना व्हायचा आहे तरी रिक्षा करून चाकूरला नेलं. डॉक्टरनं पाय तपासले, रक्त थोडं कमी म्हणाला, पायात काही दोष नाही म्हणाला. मग शरणम्माला बाहेर बसायला सांगून मला एक चिठ्ठी दिली. लातूरच्या डॉक्टरांचं नाव आहे. मनाचे डॉक्टर. “उशीर करू नका,” म्हणाला.

पोरीला दीड वर्ष झालं लग्न होऊन. तिच्या सासरी कळलं तर काय म्हणतील? आणि तिला झालंय काय, दोन वेळचं नीट जेवली तर उठेल. चिठ्ठी या डायरीच्या कव्हरात सरकवली आहे. शरणम्मानं विचारलं काय म्हणाले, मी सांगितलं, अशक्तपणा.

संध्याकाळी ओढ्यावर गेलो तर ढोलीतून बारीक चिरचिर ऐकू आली. पिल्लं! आवाज दोन.

३० एप्रिल

बसवजयंती. मिरवणूक दारावरून गेली. दर वर्षी महादेवी पुढं असायची. आज म्हणाली, आवाज बंद करा. शरणम्मा स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला सांगून रडली असती तर मी काही बोललो असतो. बसम्मा आणि ती बराच वेळ कुजबुजत बसल्या होत्या. मी गेलो तर गप्प झाल्या.

फेऱ्या बावीस. नराचं मला कौतुक वाटतं. उंबर आणतो, नाकतोडे आणतो, एकदा सरडा आणला. गळ्यातून एकेक फळ काढतो, चोचीच्या टोकात धरतो आणि चिरीतून आत देतो. ना रजा ना ओव्हरटाइम.

४ मे

आज मन प्रसन्न आहे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण माझ्या कामात शरणम्मानं पहिल्यांदा रस घेतला. ताटावर बसलो असताना विचारलं, तुमचं ते पाखरू किती वाजता येतं. मी वेळापत्रकच सांगितलं. पहिली फेरी साडेसहा. तिसरी झाली की ओढ्यापलीकडच्या वाळक्या बाभळीवर बसतो, चोच घासतो, पाच-सात मिनिटं हलत नाही. त्या वेळी तर माणूस खाली उभा राहिला तरी त्याला भान नसतं. तिनं पुन्हा विचारलं, रोज तिथंच? मी म्हणालो, रोज. एसटी चुकेल, तो चुकणार नाही.

ऐकताना ती माझ्याकडं बघत नव्हती, भाकरी थापत होती. पण ऐकत होती.

८ मे

नर परतला नाही.

साडेसहापासून बसलो होतो. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. मग चाकूरला बाळाचं औषध आणायला जावं लागलं, शरणम्मानं आजच आणा म्हणून घाई केली. अकराला परत आलो. तेव्हापासून दिवस मावळेपर्यंत एकही फेरी नाही. मादीची चोच चिरीतून बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. शेवटी ती ओरडायला लागली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

९ मे

आजही नाही. बाभळीखाली राखी पिसं सापडली. आठ-दहा. एका पिसाच्या मुळाला रक्त.

सरळ हॉटेलात गेलो. नरसिंग बसला होता. सगळ्यांसमोर म्हणालो, पाखरू कुठंय सांग, नाहीतर वनखात्याला नाव देतो. तो उठला, तोंडातलं पान थुंकला आणि म्हणाला, “मी न्हाई हात लावला.” मी म्हणालो, तेलाचं कुणाच्या तोंडी होतं? लोक त्याच्याकडं बघायला लागले. तो गेला. त्याच्या शेळ्या आता ओढ्याला येणार नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. बरंच झालं.

१० मे

सकाळी शिडी आणि विळा घेऊन निघालो होतो. भिंत फोडतो, तिला सोडवतो, असा विचार. काल रात्री फोनवर सगळं ऐकून महामाया मॅडम अहमदपूरहून पहिल्या गाडीनं आल्या आणि शिडीला हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तिला उडता येत नाही, भिंत फोडली तर मुंगूस दुपारपर्यंत तिघांना संपवेल. ती भिंतीमुळं उपाशी नाही, नर गेल्यावर खायला देणारं कुणी नाही म्हणून उपाशी आहे. “देऊन बघू,” म्हणाल्या.

वेळूच्या टोकाला चीर पाडली, त्यात उंबर अडकवलं आणि दोन पुरुष उंचीवरच्या त्या फटीपाशी धरलं. मादीनं वेळूवर अशी चोच मारली की हाताला झिणझिण्या आल्या. चौदा उंबरं खाली पडली. पंधरावं तिनं घेतलं.

मॅडम खाली बसून डोळे पुसत होत्या. वनरक्षकही येऊन बघून गेला, असंच चालू ठेवा म्हणाला. जाताना मॅडमनी विचारलं, जागा कुणाला सांगितली होती का? मी म्हणालो, नरसिंगला सोडून कुणाला नाही. हॉटेलात दहा माणसं होती, हे मी सांगितलं नाही.

फेऱ्या: मी नऊ.

१३ मे

मान धरली आहे, खांदे गेले आहेत. नर दिवसाला बावीस फेऱ्या कशा करायचा? दहा केल्या की मला घेरी येते. उंबरं शोधायला मैलभर जावं लागतं. पण एक नवल आहे. काल आणि आज सकाळी झाडाच्या बुंध्याशी पळसाच्या पानात बांधलेली पिकली उंबरं होती, वर नाकतोडे, पाय मोडून ठेवलेले. मठातले स्वामी असतील. विचारलं तर नाही म्हणाले.

१५ मे

घरात एक वास येतो आहे. खोबरेल नाही, करडीचं नाही. उग्र, तोंडात चव यावी तसा. महादेवीच्या खोलीतून येतो. शरणम्माला विचारलं तर म्हणाली, बसम्मानं पायाला चोळायला नवीन तेल दिलंय, शोपा-ओवा घालून कढवलेलं. सकाळी महादेवीला त्या वासानं उलटी झाली. तरी चोळलंच.

शरणम्मा दोन दिवसांपासून जेवत नाही. इष्टलिंगाची पूजा करते आणि उठताना डोळे लाल असतात. लेकीच्या काळजीनं असणार. मी तिला म्हणालो, बघ, बसम्माच्या तेलानं गुण येईल. ती पूजेचं ताट उचलून आत गेली.

१९ मे

आज महादेवी माझ्याशी बोलली. महिन्याभरात पहिल्यांदा. मी दारात वेळूचं टोक नव्यानं तासत बसलो होतो. तिनं आतून विचारलं, आप्पा, तिला खायला कोण देतंय. मी म्हणालो, मी देतो. मग सगळं सांगितलं, चीर, भिंत, झडलेली पिसं. ती बराच वेळ ऐकत होती.

मग म्हणाली, “आन तिला पिल्लं नको वाटली तर?”

मी हसलो. म्हणालो, पाखरात असलं काही नसतं, आई ती आई. ती म्हणाली, “व्हय.” आणि भिंतीकडं वळली. बोलली एवढंच पुष्कळ. उद्या आणखी बोलेल.

फेऱ्या अकरा. एकाच पिल्लाचा आवाज येतो आहे. दुसरं झोपलं असेल.

२४ मे

आजचं आजच लिहायचं.

दुपारी ओढ्यावरून आलो तर बाळ रडत होतं. रडून रडून आवाज बसला होता. शरणम्मा गिरणीत गेली होती. मी दारातून हाक मारली, महादेवी, पोरीला घे. उत्तर नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं, म्हणून मी बावन्न दिवस तो उंबरा ओलांडला नव्हता. आज ओलांडला.

महादेवी पाळण्यापासून हातभर अंतरावर बसली होती. बाळाकडं बघत होती, पण जणू ते शेजारच्या घरात रडतंय. हात मांडीवर. मला म्हणाली, “आप्पा, मला हिला हात लावायचं भ्या वाटतंय. लई दिस झाले. मी कुनाला सांगू?”

मी बाळाला उचललं. खोलीत तो वास आणि शेगडीचा धूर, श्वास घेता येईना. खिडकीकडं गेलो आणि चिंध्या उपसायला लागलो. शेवटच्या चिंधीत काहीतरी टणक होतं, काळ्या दोऱ्यानं गुंडाळलेलं. खाली पडलं. चोच होती. वर शिंग. शिंगाला डाव्या बाजूला खाच.

ती उचलून मी तिथंच खाली बसलो. शरणम्मा पीठ घेऊन दारात आली, तिनं माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि डबा खाली ठेवला. काही विचारायची वेळच आली नाही.

“मीच आनवलं,” ती म्हणाली. “बसम्मानं मानूस बघितला, पर सांगितलं मी. कुठं बसतंय, कवा बसतंय. तुमीच तर सांगितलं होतं मला. त्या दिवशी तुमाला औषधाला बी मीच धाडलं.”

मी म्हणालो, तू? ज्या घरात कधी अंडं आलं नाही, त्या घरात?

“अंडं आलं न्हाई, व्हय. ते बी केलं. पोर मरून राहिली होती माझी, डोळ्यादेखत.”

मला विचारायचं होतंस, असं मी म्हणालो. ती म्हणाली, “इचारून काय केलं असतं तुमी? मोजलं असतं.”

बाळ माझ्या खांद्यावर हुंदके देत होतं. मी एका हातानं ही डायरी आणली आणि कव्हरातली चिठ्ठी काढून तिच्यापुढं धरली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. तिनं विचारलं, कवाची. मी म्हणालो, चोवीस एप्रिल. तिनं बोटं मोजली नाहीत. आज चोवीस मे आहे, हे कुणालाही कळतं.

तिनं डबा उचलून आत नेला. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ मे

उद्या लातूरला जायचं ठरलं. मग ढोलीत कोण भरवणार? गावात एकच माणूस ओढा आणि ते झाड ओळखतो.

ज्या हॉटेलात त्याला बोललो होतो तिथंच गेलो, कारण आळ सगळ्यांसमोर घेतला होता. निरोप पाठवून त्याला बोलावलं. आला. मी उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हणालो, नरसिंग, माझी चूक झाली, तू काही केलं नव्हतंस. कुणी केलं ते कळलंय आणि ते माझ्या घरातून झालंय. भज्याची कढई तेवढी तडतडत होती.

नरसिंग म्हणाला, “कंडक्टर आप्पा, फुकट्याला गाडीत बसू दिलं आन तिकीटवाल्याला उतरवलं तुमी.” मग खुर्ची ओढून बसला. म्हणाला, उद्या मी बघतो, वेळू कुठं ठेवलाय. मी सांगायला लागलो की उंबर पिकलेलंच लागतं, नाकतोड्याचे पाय मोडून द्यायचे. तो म्हणाला, “ते मला म्हाईत हाय.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पळसाच्या पानातली उंबरं.

मी त्याला विचारलं, एवढं बोललो तरी का ठेवत होतास. तो म्हणाला, ती ढोलीतली माझ्याशी कुठं भांडली होती?

२६ मे

सातची लातूर गाडी. वाहक ओळखीचा निघाला, म्हणाला, मास्तर बसा पुढं. महादेवीला धरून चढवावं लागलं. बाळ शरणम्माकडं.

डॉक्टर बाई आहेत. महादेवीला एकटीला आत घेतलं. अर्धा-पाऊण तास दार बंद होतं. आतून तिचा आवाज येत होता, सलग. घरात ती इतकं कधी बोलली नव्हती, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. मग आम्हा दोघांना बोलावलं. हा आजार आहे म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतो, तिचा दोष नाही. पाय ठीक आहेत. गोळ्या दिल्या, दहा दिवसांनी बोलावलं. तिला एकटं सोडू नका, खिडक्या उघड्या ठेवा, बाळ तुम्ही सांभाळा, झोपू द्या. “महिनाभर आधी आला असतात तर तिचा एवढा त्रास वाचला असता,” म्हणाल्या. शरणम्मा माझ्याकडं बघेल असं वाटलं. बघितलं नाही.

परत येताना ओढ्याकडूनच आलो. नरसिंगनं मातीत काड्या मांडून ठेवल्या होत्या, एका फेरीला एक. सतरा काड्या. मी कधीच बारावर गेलो नव्हतो.

४ जून

भिंत फुटली. सकाळी साडेसातला आतून टकटक सुरू झाली, लिंपणाचे तुकडे पडले आणि मादी बाहेर आली. अंग मळकं, शेपटी वाकडी, पिसं मात्र नवी. फांदीवर बसून पंख उघडून बघत होती, आपलेच आहेत का म्हणून.

शरणम्मा माझ्याबरोबर होती. तीच म्हणाली होती, येते. मादी एकदा बाभळीवर जाऊन बसली, इकडंतिकडं बघून ओरडली, पुन्हा ओरडली. दुसरा आवाज आला नाही. शरणम्मानं पदर तोंडात कोंबला आणि खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो. उरलेलं तेल आणि ती चोच तिनं परवाच ओढ्याकाठी पुरली आहे, कुठं ते मला सांगितलं नाही.

आत राहिलेल्या पिल्लानं दुपारपर्यंत तोंड पुन्हा लिंपायला घेतलं. एवढुसं पिल्लू, त्याला कुणी शिकवलं? आता मादी भरवते. आम्हीही देतो, नरसिंग सकाळी, मी दुपारी.

महादेवी काल उंबऱ्यात येऊन बसली होती. बाळ तिच्या मांडीवर नव्हतं, पण तिच्या शेजारी होतं. ती पोरीच्या पायाचं एक बोट धरून बसली होती. गोळ्यांनी झोप फार येते म्हणते.

१६ जून

पिल्लू उडालं. नीट नाही, शिरसावरून आदळत-आपटत करंजावर, पण उडालं. मादी मागोमाग. मॅडमनी शिडी लावून आत पाहिलं. दुसरं पिल्लू तळाशी होतं, वाळून गेलेलं, बऱ्याच दिवसांपूर्वीचं. म्हणजे मी “झोपलं असेल” लिहिलं होतं तेव्हाच.

मॅडमना तक्ता द्यायचा होता. सगळे रकाने भरले. शेवटचा राहिला होता: घरट्यावर संकट आलं असल्यास कारण. एका ओळीची जागा. चौतीस वर्षांत तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलावर मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. मी लिहिलं: “नराच्या वेळा मी घरात सांगितल्या, घरातून त्याला मारवलं गेलं.” शरणम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “घरातून कशाला? माझं नाव लिवा. बसम्माचं नको, म्हातारी हाय.” मी तिचं नाव लिहिलं. त्याच्याआधी माझं लिहिलं. खाली दोघांनी सही केली, तिनं मोठ्या अक्षरांत. मॅडमनी वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, मला हे वर कळवावं लागेल काका. मी म्हणालो, कळवा.

चिठ्ठी महिनाभर दडवली, त्याला तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून ते इथं लिहितो. कंडक्टर गुरुपादप्पानं दडवली.

लातूरला दुसऱ्यांदा जाऊन आलो, उद्या तिसरी तारीख. सातची गाडी. महादेवीनं संध्याकाळी बाळाला स्वतः उचललं, थोडा वेळ, मग माझ्याकडं दिलं. म्हणाली, “आप्पा, उद्या मला खिडकीची जागा धरा.”

साडेसहालाच स्टँडवर जाऊन रुमाल टाकतो.